सात सेकंदांनंतरचं हसू

करसनकाकांची पोर दुसऱ्यांदा हसली तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. पहिल्यांदा ती खिडकीबाहेर हसली, आमच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, नेहमीसारखी. करसनकाका म्हणजे राजकोटातल्या आमच्या मवडी भागातले भंगारवाले. त्यांच्या हातगाडीला एक भोंगा बांधलेला आहे आणि भोंग्यात त्यांचाच आवाज भरलेला आहे, "लोखंड, पितळ, जुना पंखा, जुना कूलर, रद्दीऽऽ," आणि तो आवाज भरताना त्यांची धाकटी मुलगी बाजूला उभी राहून खुदकन हसली होती, ते हसूही त्यातच अडकलं. ती मुलगी आता सातवीत आहे, दोन वेण्या घालून सायकलवर शाळेत जाते, पण भोंग्यात ती तीन वर्षांचीच राहिली आहे आणि रद्दी म्हटलं की हसते, दिवसातून शंभर वेळा. तर ती बाहेर हसली. मी डाळ-भात कालवला, शेव-टमेट्याची भाजी जरा पुढे ओढली, आणि लोणच्याच्या बरणीला टेकून उभ्या केलेल्या फोनमधून, म्हणजे मस्कतहून, म्हणजे पप्पांच्या पाठीमागून, ती पुन्हा हसली. तीच. तेवढीच लांब, शेवटी श्वास आत ओढलेला. मम्मी पप्पांना विचारत होती, "मीठ बरोबर पडलं का तुमच्या भाजीत?" पप्पांचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटून थांबला होता, हात तोंडापाशी, घास हातात. तिघांपैकी दोघांचे घास अडकले होते, एक त्यांचा नेटमुळे आणि एक माझा.

आमच्याकडे दुपारचं जेवण तिघांचं असतं. पप्पा दोन वर्षांपूर्वी मस्कतला पंपांच्या कारखान्यात गेले तेव्हा मम्मीने अट घातली होती, की एक वेळचं एकत्र. म्हणून रोज सव्वा एकला व्हिडिओ कॉल. मी सकाळच्या शाळेतून आलेली असते, ताटं वाढलेली असतात, आणि पप्पा तिकडे त्यांचं ताट घेऊन बसतात. तिकडे पावणेबारा. त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात पावणेबाराच वाजलेले असतात, मी पहिल्याच आठवड्यात हिशेब करून पाहिलं होतं, कारण मी सगळंच करून पाहते. आमच्या तळमजल्याला मोबाइलची रेंज येत नाही, त्यामुळे सगळा भार घरच्या ब्रॉडबँडवर, आणि ते दुपारी मरतं. मरतं म्हणजे बंद पडत नाही, ते बरं झालं असतं. रांगतं. तुम्ही विचारलेलं तिकडे पोचायला सात सेकंद, तिकडचं इकडे यायला सात. मम्मी मीठ विचारते आणि पप्पा कालच्या पावसाचं सांगतात. ते हसतात तेव्हा आपण हसून झालेलो असतो. आणि आवाज इतका चिरका, की आम्ही दोघी दीड वर्ष ताटावर बसून ओरडतोय. गेल्या जूनपर्यंत मी वर्गात हजेरीलाही पुटपुटायचे, खरं सांगते, "चार्मी?" म्हटलं की माझ्याऐवजी मागची मुलगी "यस मॅम" म्हणायची. मग एक दिवस भाषणाच्या स्पर्धेत कुणीच उभं राहीना म्हणून मला ढकललं, मी तोंड उघडलं आणि पप्पांशी बोलताना निघतो तसा आवाज निघाला. माइक बंद होता. कुणाला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी कुणाला घाबरत नाही. शेजारच्या मंजुमासी मम्मीला म्हणतात, "दक्षा, ही तुझी पोर बोलायला लागली ती थांबेचना. हिचं बटण कुठंय?"

तर अशी मी, आणि घरात असं नेट. चिडचिड झाली नाही तर नवल. मी एक वही केली. वेग मोजायचं अ‍ॅप असतं ना, काटा गोल फिरतो ते, ते लावून दिवसातून चार-पाचदा आकडे लिहायचे. सकाळी सहा, अडतीस. शाळेतून आल्यावर साडेबारा, एकेचाळीस. सव्वा एक, दोन. कधी दीड. मग पावणेतीनला परत चाळीस, जणू काही झालंच नाही. पंधरा दिवस तेच. मी तक्रारीच्या नंबरावर फोन केला, तिकडची बाई म्हणाली की मोडेम बंद करून चालू करा, मी म्हटलं, ताई, मी ते इतक्यांदा केलंय की आता त्यालाच सवय झालीय. शेवटी एका रविवारी विपुलभाई आले, केबलवाले, खांद्यावर तारेचं वेटोळं. खांबावर चढले. त्या खांबावर पप्पांचा बॅनर अजून लटकतोय. शेरीने वाजतगाजत निरोप दिला होता, बँड, फुलांचे हार, दोनशे माणसांचं जेवण, आणि "जयसुखभाईंना मस्कतप्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा" असा बॅनर, पप्पांचा फोटो मोटरगाडीएवढा. दोन उन्हाळ्यांत तो इतका उडालाय की आता फक्त कॉलर आणि टाय उरलाय, चेहऱ्याच्या जागी पांढरं. विपुलभाईंनी त्या पांढऱ्यामागून हात घालून तार तपासली आणि खाली येऊन मम्मीला म्हणाले, "बेन, तुमचं नेट घोड्यासारखं पळतंय."

"आत्ता अकरा वाजलेत म्हणून पळतंय," मी मध्येच म्हटलं. "सव्वा एकला या, मग बघा."

"सव्वा एकला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगतेय. "बेटा, तू राजकोटचीच ना?"

बरोबर होतं त्यांचं. एक ते चार राजकोटात कुणी कुणाकडे जात नाही. शटर खाली, पंखे चालू, सोन्याच्या पेढीपासून पानाच्या टपरीपर्यंत सगळं गाव आडवं झालेलं, एक करसनकाकांचा भोंगा सोडून. जो बिघाड फक्त एक ते चारमध्येच राहतो, तो या गावात कुणाला दिसणारच नाही. एखाद्याला लपायचंच असेल तर याहून चांगली जागा नाही, असं मी तेव्हा गमतीत वहीत लिहिलं होतं. ते पान मी नंतर फाडलं.

पोर दुसऱ्यांदा हसली त्या दिवशी मी स्वतःला समजावलं की आपलाच आवाज तिकडे जाऊन परत आला असणार. दुसऱ्या दिवशी करसनकाकांचा भोंगा ऐकू येताच मी आमच्या बाजूचा माइक बंद केला. बाहेर हसली. मी बोटांवर मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. फोनमध्ये हसली. पप्पा शांतपणे ताक पीत होते. तिसऱ्या दिवशी खिडक्या लावल्या. चौथ्या दिवशी गाडी आमच्या शेरीतून पुढे गेली, बाहेरचा आवाज बारीक होत होत विझला, आणि फोनमधला मोठा होत गेला, इतका मोठा की भोंग्याची खरखरसुद्धा आली. माझ्या पाठीवर काहीतरी चढत होतं, मुंगीएवढ्या पायांचं. मस्कतमध्ये करसनकाका. मला आधी हेच वाटलं, खोटं कशाला सांगू, की पप्पा मेलेत. दोन वर्षांपूर्वीच कधीतरी, आणि रोज आपण जे बघतो ते मागे राहून गेलेलं आहे, भोंग्यातल्या पोरीसारखं, तेवढंच, पुन्हा पुन्हा. मी त्यांच्या थांबलेल्या चित्राकडे पाहत राहिले. हात तोंडापाशी, डोळे अर्धे मिटलेले. मग चित्र हललं, पप्पांनी मोठी जांभई दिली आणि म्हणाले, "चला, जरा आडवा होतो." त्यांच्या डोक्यावर सव्वाबारा वाजले होते. सव्वाबाराला कुठल्या देशातला कामगार आडवा होतो? एकाच गावातला माणूस हे रोज बोलतो आणि त्यात काही चुकलंय हे त्याला कळतही नाही.

पुढचे दिवस मी शाळेत सगळं केलं, प्रार्थना म्हटली, भौतिकशास्त्राच्या सरांना ध्वनीच्या वेगावर इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "चार्मीबेन, आम्हालाही घरी जायचंय." पण आत माझं मोजणं चालूच होतं. पाण्याचा नळ सोडला की मोजायचे. कुणी हाक मारली की सातपर्यंत वाट पाहायचे, ती हाक आणखी कुठून येते का म्हणून. आमच्या शेरीतला काळू, कुत्रा, दुपारी पायरीखाली मेल्यासारखा पडलेला असतो. पण अडीचच्या सुमारास तो उठतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि शेपटी हलवतो. समोर कुणी नसतं. म्हणजे आमच्या खिडकीतून तरी दिसत नाही. हे मी वर्षभर पाहत होते आणि मंजुमासींना हसून सांगत होते, की काळूला भूत दिसतं. आता मला हसू येईना. पप्पा घरी होते तेव्हा काळूला रोटलीचा शेवटचा तुकडा त्यांच्याच हातून लागायचा.

मग कूलरचा दिवस आला. पप्पा त्या दिवशी वाळूच्या वादळाचं सांगत होते, की इतकी धूळ, समोरचं दिसत नाही. आणि फोनमधून, वादळातून, एका म्हातारीचा आवाज आला, "ए भंगारवाला, थांब रे! हा कूलर घेतोस का?" आणि करसनकाकांचा खरा आवाज, भोंग्यातला नव्हे, "बा, याला तर गंजानेच धरून ठेवलंय. उचलला की खाली पडेल." पप्पांनी घाईघाईने फोन आवाजापासून दूर फिरवला. चित्रात छत आलं, पंखा आला. मी मम्मीकडे पाहिलं. ती ताटातल्या भाताला बोटाने कडेने गोळा करत होती आणि म्हणाली, "काय हो, आवाज येत नाही तुमचा. नेटच असलं." चौदा सेकंदांनी पप्पा म्हणाले, "हो ना, नेटच असलं." दोघंही सुटल्यासारखे बोलले.

संध्याकाळी मी करसनकाकांना कोपऱ्यावर गाठलं. गाडीवर तो कूलर आडवा पडलेला होता.

"काका, हा कुठून उचलला?"

"तुला हवाय? चारशेला देतो. तुझ्यासाठी पाचशे."

"काका!"

"अगं मागच्या गल्लीतून. ते बंद पडलेलं बेअरिंगचं वर्कशॉप नाही का, त्याच्या मागच्या खोल्या. म्हातारी भाड्याने देते." त्यांनी कूलरला लाथ मारून पाहिलं. "एकच भाडेकरू राहिलाय आता. अजब माणूस. फोन समोर धरून जेवतो. मी म्हटलं, भाई, पंखा-बिंखा विकायचाय का, तर दारच लावून घेतलं. आणि घड्याळ बघितलं मी त्याचं, दीड तास मागे! म्हटलं, हे तरी दे, बिघडलंय. नाही म्हणाला, हेच बरोबर आहे."

मागची गल्ली आमच्या घरापासून सायकलने दोन मिनिटं. मी गेले नाही. मी, जी कुणाला घाबरत नाही, ती घरी जाऊन अंथरुणाच्या चादरींच्या घड्या घालत बसले.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी सव्वा बाराला मागच्या दाराने आत आले, चपला हातात, का ते माहीत नाही, आणि आतल्या खोलीत बसून राहिले. एक वाजता, मी रोज आंघोळीला गेलेली असते त्या वेळी, मम्मी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने दाराआडच्या फळीवरून मोडेम उचलला, पांढऱ्या तारेसकट, हळूच, झोपलेलं मूल उचलतात तसा. बाजरीची पत्र्याची कोठी उघडली, मोडेम आत बाजरीवर ठेवला, आणि तार चेंगरू नये म्हणून झाकणाखाली एक चमचा अडकवून झाकण लावलं. माझी वही, माझे पंधरा दिवसांचे आकडे, विपुलभाई, तक्रारवाल्या ताई, सगळे त्या कोठीत जाऊन बसले. मी दारात उभी राहिले. तिने वळून पाहिलं आणि दचकली नाही. मला तेच जास्त भयंकर वाटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष होईल." ती ताटं मांडायला लागली. "तेव्हा नेट चांगलं होतं. एकदा जेवताना आपला पंखा मंद झाला, व्होल्टेज पडलं. तिकडचाही झाला, त्याच वेळी. मग आपला जोरात झाला, तिकडचाही." तिने तिसऱ्या ताटाच्या जागी लोणच्याची बरणी ठेवली. "तिथली कंपनी सहा महिन्यांतच बंद पडली, तुझ्या मामाला कुणीतरी सांगितलं. दोनशे माणसं जेवून गेलेली, बॅनर लागलेला. कुठल्या तोंडाने येतील शेरीत?"

"मग तू सांगत का नाहीस त्यांना, की या म्हणून?"

"साफ दिसायला लागलं ना चार्मी, की त्यांना कळेल आपल्याला कळलंय. मग ते खरंच जातील. जिथून फोनसुद्धा यायचा नाही असे." तिने घड्याळ पाहिलं. "जवळ आहेत. रोज जेवतात आपल्याबरोबर. तू आवाज मोठा कर फक्त, कोठीतून कमी येतो."

सव्वा एकला फोन वाजला. मी जेवले. मी ओरडून सांगितलं की गणितात पंच्याण्णव पडले. सात सेकंद पप्पांचा चेहरा थांबलेला होता, आणि पहिल्यांदाच मला कळलं की त्या सात सेकंदांत आम्ही तिघंही किती आरामात असतो. कुणाला काही करावं लागत नाही. ते अर्ध्या घासात, मम्मी अर्ध्या प्रश्नात, मी अर्ध्या हसण्यात. असंच आणखी दोन वर्षं जाता येईल. दहा. बॅनरवरची कॉलरही उडेल. मी लग्न करून जाईन आणि बरणीशेजारी आणखी एक फोन उभा राहील. माझ्या आवाजाचा मला इतका गर्व, आणि तो आवाज ज्याने मला दिला ते नेट म्हणजे बाजरीत पुरलेला एक डबा. मला ते सहन होईना. आणि मम्मीचं खरं ठरलं तर? मी गेले आणि उद्या सव्वा एकला फोन वाजलाच नाही तर?

शुक्रवारी मी सकाळीच मम्मीला सांगितलं की आज जादा तास आहे, जेवायला थांबू नका. दप्तर पाठीला लावून मी एक वाजून दहा मिनिटांनी मागच्या गल्लीत शिरले. रस्ता पांढरा पडलेला. एकाही घराला दार नाही असं वाटत होतं, सगळी लावलेली. कुठल्यातरी खिडकीतून घोरणं ऐकू येत होतं, एकाचं नव्हे, सगळ्या गल्लीचं मिळून. काळू माझ्या पुढे चालत होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. वर्कशॉपच्या भिंतीला वळसा घालून तो शेवटच्या खोलीच्या खिडकीखाली जाऊन बसला, आपली जागा असल्यासारखा.

खिडकीला गज होते, अर्धा पडदा. पप्पांची पाठ. बनियन, मानेवर घामोळ्याची पावडर, डाव्या कानामागचा तीळ, जो फोनमध्ये दोन वर्षांत एकदाही दिसला नव्हता, कारण फोनमध्ये माणसाला पाठ नसते. त्यांच्यासमोर भिंतीवर, फोनमध्ये रोज त्यांच्या मागे दिसते ती निळी चादर ताणून बांधलेली, वर घड्याळ. त्यांच्याकडे पाठ करून बसायचं म्हणजे खुर्ची फिरवावी लागे. आज ती फिरवायची राहून गेली होती, किंवा आता गरजच वाटत नसेल, नाहीतरी काही दिसत नाही. कॉल लागलेला होता. पाण्याच्या तांब्याला टेकलेल्या फोनमध्ये आमचं टेबल, चौकोनाचौकोनांत, मम्मी थांबलेली. पप्पा त्या थांबलेल्या मम्मीकडे पाहून मान हलवत होते. ताटात डाळ-भात, शेव-टमेट्याची भाजी. रोज सकाळी मम्मी त्यांना जेवायला काय करणार ते सांगते, आणि ते तेच करतात. माझ्यापासून त्यांची पाठ सहा हातांवर होती.

"चार्मी कुठाय?" त्यांनी फोनला मोठ्याने विचारलं.

मी ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि निघालं, "इथंच आहे, पप्पा."

त्यांनी वळून पाहिलं नाही. घास चावत ते फोनकडे झुकले. "अरे वा! आज काय साफ येतोय आवाज. नेट सुधारलं वाटतं."

"हो. मी सुधरवलं."

"शाब्बास! माझी वाघीण. एकदम शेजारी बसल्यासारखी ऐकू येतेस." ते हसले. त्यांची पाठ हसताना हलते हे मी विसरले होते.

"पप्पा, घरी या ना."

"येणार ना बेटा. दिवाळीला नक्की. इथं आता सुट्टी..." ते बोलत होते, फोनमधली मम्मी अजून थांबलेलीच होती, ओठ मिटलेले, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. ती खुर्ची त्यांना दिसली की नाही, मला ठाऊक नाही. मग चित्र हललं. चौदा सेकंदांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मम्मीचा चिरका आवाज खोलीत आला, "चार्मी अजून आली नाही हो शाळेतून. आज जादा तास आहे तिला."

पप्पांचा हात तोंडापाशी थांबला. घास हातात. डाळीचा एक थेंब मनगटावरून कोपराकडे उतरला. हे चित्र मी दीड वर्ष पाहत आले होते, पण त्यात कधी थेंब उतरत नव्हता. माझ्या मागे, गल्लीच्या तोंडाशी, करसनकाकांचा भोंगा आला, लोखंड, पितळ, जुना पंखा, आणि मी दोन्ही हातांनी गज धरले. ते तापलेले होते. मी सोडले नाहीत. रद्दीऽऽ, आणि पोर हसली.

मी मोजायला लागले. एक. दोन. काळू उठून उभा राहिला. तीन. चार. फोनमध्ये मम्मी विचारत होती, ऐकू येतंय ना, ऐकू येतंय ना. पाच. सहा.

आमच्यामध्ये आता कुठलीच तार नव्हती, तरी पप्पा सातला वळले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टुलावरचं ताट एका बाजूला सरकवलं, दुसऱ्या माणसाला जेवायला जागा करतात तेवढं, आणि दाराची कडी काढायला उठले.